न मोजलेला श्वास आणि चार्टवरचे 20

एका परिचारिकेचं मला पत्र आलंय, ते असं आहे. थोडं कमी करून देते, खाली माझं उत्तर.

“ताई, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका केलेली परिचारिका आहे. तीन वर्षं सिंधुदुर्गातल्या एका रुग्णालयात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात काम करते. गणपती बसायच्या आदल्या रात्री वॉर्डात 22 पेशंट आणि आम्ही दोघी. बाकीचा स्टाफ रजेवर. साडेअकराला एक पेशंट गोव्याला हलवायचा झाला, त्याच्यासोबत माझी जोडीदारीण अँब्युलन्समधून गेली ती सकाळी सातला परतली. वॉर्डात आतड्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, चौथा दिवस. रात्री दोनला आणि सकाळी सहाला मी त्यांची नाडी, श्वास काहीच मोजलं नाही. चार्टवर नाडी 84, श्वास 20 असं लिहून टाकलं. चारच्या सुमारास त्यांची सून येऊन म्हणाली, ‘सिस्टर, बाबांका दम लागता.’ मी दुसऱ्या पेशंटला रक्त लावत होते. सकाळी डॉक्टर येतील, असं सांगून तिला परत पाठवलं. आठला ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलून वॉर्ड ताब्यात घेताना, सकाळच्या सिस्टरने मोजलं तर नाडी 128 आणि श्वास 34. आतड्याची शिवण सुटली होती. पुन्हा ऑपरेशन, अकरा दिवस आयसीयू. आजोबा वाचले, घरी गेले. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, चार्ट पूर्ण आहे, कुणी विचारणार नाही, गप्प बस. मला झोप लागत नाही. मी सांगावं का? मी या कामाच्या लायकीची आहे का? आणि परवापासून पुन्हा नाइट आहे, पेशंट तेवढेच. काय करू?”

बाय,

वहीची दोन पानं दोन्ही बाजूंनी भरून तू लिहिलंस, आणि त्यात सुनेचं ते वाक्य दोनदा आलंय. दुसऱ्यांदा ते लिहिलंयस हे तुझ्या लक्षातही आलं नसेल. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच सर्जिकलला. त्यामुळे तुला काय होतंय ते मला फार समजावून सांगावं लागणार नाही.

त्या रात्री दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे काम राहिलं. दुसरी म्हणजे राहिलेलं काम झालं असं लिहिलं गेलं. तू दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतलीस. मी ते गाठोडं आधी सोडणार आहे, कारण दोन्हींचं ओझं सारखं नाही आणि दोन्ही तुझी एकटीची नाहीत.

आधी राहिलेलं काम. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे 720 मिनिटं. 22 पेशंट एकटीने बघायचे तर एकेकाच्या वाट्याला 33 मिनिटंही येत नाहीत. त्यातच इंजेक्शनं, सलाईन बदलणं, अँब्युलन्सचे कागद, सकाळी ऑपरेशनला जायच्या पेशंटची तयारी, कुणाचा तरी फोन. आणि रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं, कारण रिअ‍ॅक्शन येते ती बहुतेक तेव्हाच. म्हणजे चार वाजता तू जिथे उभी होतीस तिथे उभं राहणं बरोबर होतं. चुकलं ते पुढे. रक्त लावून झाल्यावर तू त्या खाटेकडे गेली नाहीस.

या राहून जाणाऱ्या कामांचा नीट अभ्यास झालेला आहे, हे तुला कॉलेजात कुणी सांगितलं नसेल. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या बिअ‍ॅट्रिस कॅलिश यांनी 2006 मध्ये वॉर्डातल्या परिचारिकांना बसवून विचारलं, की तुमच्याकडून नेहमी काय राहतं? उत्तरं वाचताना मला आपलाच वॉर्ड दिसला. पेशंटला उठवून चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, अंग पुसणं, इनटेक-आउटपुट म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं ते लिहिणं, घरी जाताना समजावणं, दोन शब्द धीराचे बोलणं, आणि पेशंटवर नजर ठेवणं. सगळी अशी कामं, की राहिली तरी त्या क्षणी कुणी ओरडत नाही. अँटिबायोटिक चुकलं तर राउंडला विचारतात. कूस बदलली नाही तर माकडहाडावर लाली दोन दिवसांनी येते. चालवलं नाही तर छातीत कफ भरतो तोही नंतर, आणि पोटरीत गुठळी धरली तर ती कुणाच्या पाळीत धरली हे कुणाला सांगता येत नाही. कारणांत माणसं कमी असणं होतंच, पण ‘सवय’ हेही एक कारण त्या परिचारिकांनीच सांगितलं. एकदा राहिलं आणि काही झालं नाही, की पुढच्या वेळी ते सोडताना हात अडखळत नाही.

माणसं कमी असली की काय होतं याचेही आकडे आहेत. परिचर्येवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांचा हिशोब 2014 मध्ये मांडला. चार लाखांहून जास्त ऑपरेशन झालेले पेशंट त्यात होते. एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर महिन्याभरात पेशंट दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असं निघालं. त्याच माहितीवरून जेन बॉल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये मधला दुवा दाखवला. राहून गेलेली कामं 10 टक्क्यांनी वाढली की ती शक्यता 16 टक्क्यांनी वाढते. हे आकडे तिकडचे आहेत. तिथल्या परिचारिकेकडे जितके पेशंट असतात त्याच्या दुप्पट-तिप्पट आपल्याकडे असतात, म्हणून आपल्याकडे काय निघेल याचा अंदाज मी करत बसणार नाही. पण गणपतीची रजा मंजूर करणाऱ्याने आणि रात्री अँब्युलन्सबरोबर वॉर्डातली सिस्टर पाठवणाऱ्याने हे आकडे वाचायला हवेत. चतुर्थी दरवर्षी येते, तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाचे पेशंट येतात तेही दरवर्षी. याला अचानक उद्भवलेली परिस्थिती कसं म्हणायचं?

म्हणून काम राहिलं याचा सगळा दोष स्वतःवर घेऊ नको. तुझा वाटा त्यात आहे, पण तो एक वाटा आहे.

आता ते 20.

हे मात्र तुझं आहे, बाय, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. वॉर्डावॉर्डांत चार्ट बघ. ओळीने 20, 20, 20. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 चालतो, म्हणून न मोजता लिहायचा झाला तर हात आपोआप तिथेच जातो. नाडी मशीन दाखवतं, ताप थर्मामीटर दाखवतो, बीपीलाही आता मशीन आलंय. श्वास तेवढा माणसानेच बघायचा असतो, मनगट धरून, नजर छातीवर ठेवून, पूर्ण एक मिनिट, पेशंटला कळू न देता. म्हणून तोच पहिला सुटतो. आणि शरीर बिघडायला लागलं की बोलतो पहिला तोच. 1990 मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांचं हृदय रुग्णालयातच बंद पडलं अशा 64 पेशंटचे कागद तपासले, तर त्यातल्या 84 टक्के जणांच्या नोंदीत आधीच्या आठ तासांत काहीतरी बिघडत असल्याची खूण होती. बहुतेकांत ती श्वासाची किंवा शुद्धीची होती. खूण होती, कारण कुणीतरी मोजून लिहिलं होतं.

ब्रिटनमध्ये 2012 पासून एक साधी गुणपद्धत वापरतात. प्रत्येक मोजमापाला गुण द्यायचे, बेरीज पाच झाली की डॉक्टरला लगेच बोलवायचं. श्वास 25 किंवा वर गेला की एकट्याचे तीन गुण. नाडी 111 ते 130 ला दोन. तुझ्या आजोबांचे सकाळी आठला बाकी काही न बघता पाच होत होते. तू लिहिलेल्या 84 आणि 20 ला शून्य. त्या चार्टकडे रात्री ड्यूटी डॉक्टरने पाहिलं असतं तरी तो निर्धास्त झोपायला गेला असता. चौकट रिकामी असती तर त्याने किंवा सातला परतलेल्या तुझ्या जोडीदारणीने विचारलं असतं, याचं का नाही घेतलं? रिकामी चौकट बघणाऱ्याला हटकते. भरलेली गप्प बसवते.

दोनला मोजलं असतं तर सहा तास आधी कळलं असतं का? कदाचित. कदाचित दोनला आकडे खरंच बरे असते आणि चारला बिघडले असते. हे आता कुणालाच कळणार नाही, आणि तुला झोप न येण्याचं एक कारण तेच असेल असं मला वाटतं.

मी हे इतकं ठामपणे का बोलते ते सांगते. 1991 च्या पावसात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या रुग्णालयात होते. गर्भपिशवी काढलेली एक बाई, पहिली रात्र. लाइट गेलेली, कंदिलावर काम. सकाळी युरोबॅगेत, म्हणजे लघवी साठवायच्या पिशवीत, 700 मिली दिसले, मी रात्रीची लघवी 700 लिहिली. संध्याकाळच्या पाळीने बॅग रिकामीच केली नव्हती, हे मी विचारलं नव्हतं आणि तिने ओव्हर देताना सांगितलं नव्हतं. त्यातले साडेपाचशे तिच्या पाळीचे होते. म्हणजे माझ्या दहा तासांत जेमतेम दीडशे. पन्नास किलोच्या बाईला तासाला निदान पंचवीस तरी हवी. राउंडला सर्जननी 700 वाचलं, मान हलवली, पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी बारापर्यंत ती पांढरीफटक पडली. पोटात रक्त साचत होतं. पुन्हा उघडून शीर बांधली, भावाने आणि शेजारच्या दोघांनी रक्त दिलं, वाचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सिस्टरने मला बॅगेचं सांगितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. वर्षभराने ती बाई डब्यातून आमसुलं घेऊन आली. म्हणाली, सिस्टर, तुमच्यामुळे वाचले. मी डबा घेतला. ती आमसुलं मी एकदाही आमटीत घातली नाहीत, तशीच वाटून टाकली. मी खोटं लिहायला बसले नव्हते, बघितलं तेच लिहिलं होतं, तरी हे असं. तू तर न बघता लिहिलंस. गप्प बसलीस तर तुझ्याकडेही असा एक डबा राहील.

आणि माझ्या गप्प बसण्याने आणखी एक झालं. बॅग रिकामी करूनच ओव्हर द्यायची, हा नियम त्या वॉर्डात पुढची काही वर्षं आलाच नाही. तो लागावा असं काही घडल्याचं कुणाला माहीतच नव्हतं.

म्हणून हो, सांग. पण कसं सांगायचं ते नीट ऐक.

चार्टला हात लावू नको. खाडाखोड नको, पांढरी शाई नको, जुन्या तारखेची नवीन ओळ नको. रेकॉर्ड रूममधून तो केसपेपर काढायला जाऊ नको. नंतर बदललेला कागद हा पहिल्या चुकीपेक्षा मोठा गुन्हा धरला जातो, आणि तो धरला जावाच. तू मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुखांच्या, नावाने वेगळा कागद लिही. आजची तारीख, आजची वेळ, तुझी सही. त्यात त्या रात्रीचे पेशंट किती, ड्यूटीवर कोण, अँब्युलन्स किती वाजता गेली आणि कधी परतली, बदली मागितली होती का, कुणाकडे मागितली. मग सरळ शब्दांत लिही, की दोन आणि सहाच्या नोंदी मी न मोजता लिहिल्या, आणि चार वाजता नातेवाइकांनी दम लागत असल्याचं सांगितलं, मी पेशंटकडे गेले नाही, डॉक्टरला कळवलं नाही. कारणं आधी आणि कबुली शेवटी असं लिहिलं तरी चालेल, पण कबुली एका ओळीत स्पष्ट हवी. ‘नोंदीत त्रुटी राहिली’ असलं काही लिहू नको.

जायच्या आधी इनचार्जना सांग की मी जाणार आहे. त्या तुला वाचवायला बघत होत्या, त्यांच्या पाठीमागून जाऊ नको. आणि तुमच्याकडे परिचारिकांची संघटना असेल तर तिच्या एका जुन्या माणसाला तो कागद आधी दाखव. मेमो येईल. खासगी रुग्णालय असेल तर नोकरीवरही येऊ शकतं. काही होणार नाही असं वचन मी तुला देऊ शकत नाही. तुझ्या घरी तुझ्या पगारावर कोण आहे हे मला माहीत नाही, म्हणून दिवस तू ठरव. पण महिने जाऊ देऊ नको.

आजोबांच्या घरी एकटी जाऊ नको. त्यांना सांगणं हे रुग्णालयाचं काम आहे, सर्जनच्या तोंडून व्हायला हवं. मेट्रनना विचार, त्यांना सांगताना मी समोर असले तर चालेल का. मला वाटतं त्या सुनेला सर्जनच्या माफीपेक्षा एवढंच ऐकायचं असेल, की तू बरोबर सांगत होतीस.

तिच्याबद्दल थोडं जास्त बोलते. आपल्याकडे पेशंटपाशी एक बाईमाणूस असतंच. ती खाटेखाली चटई टाकून झोपते, शेवटची एसटी गेली की सकाळपर्यंत तिथून हलत नाही. तिला बीपी कळत नसेल, पण हा माणूस रोज श्वास कसा घेतो ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी 2021 मध्ये गेली, सायकलवरून पडून पोटात मार लागला होता आणि पुढे अंगात जंतुसंसर्ग पसरला. आईबाप सांगत होते, ऐकलं गेलं नाही. त्यानंतर 2024 पासून तिथे मार्थाचा नियम आलाय, घरच्यांना काळजी वाटली तर ते दुसऱ्या टीमकडून ताबडतोब तपासणी मागू शकतात. आपल्याकडे नियम येईल तेव्हा येवो. तू तुझ्या वॉर्डात एवढं कर, की “कायतरी वेगळे दिसतत” असं कुणी म्हणालं की ते वाक्य चार्टवर वेळेसकट लिहायचं आणि श्वास मोजायचा. जाता येत नसेल तर तिलाच सांग, पंधरा मिनिटांत आले नाही तर मला पुन्हा बोलव, मी रागावणार नाही. आणि रागावू नको.

परवाच्या नाइटचं. ओव्हर घेतानाच 22 जणांची फोड कर. ज्यांना ऑपरेशन होऊन चोवीस तास झाले नाहीत ते, ज्यांच्या आतड्याला जोड आहे आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात आहेत ते, ड्रेनची (जखमेतला स्राव बाहेर काढायची) नळी असलेले, वयस्कर, आणि ज्याच्याकडे बघून तुझ्या मनात काहीतरी खटकलं तो. हे साधारण सात-आठ निघतील. त्यांचा श्वास पूर्ण मिनिट मोज, दर वेळी. आठ मिनिटं जातात, तेवढी मिळतात. नाडी हळूहळू चढत चाललीय आणि बीपी मात्र ठीक आहे, याला ठीक समजू नको. आत रक्तस्राव होत असेल तर बीपी उशिरा पडतो. कूस बदलणं, बसवणं, श्वासाच्या व्यायामाला स्पायरोमीटरचे गोळे उडवायला लावणं यात घरच्या बाईला शिकवून सोबत घेता येतं. पण मोजणं, ड्रेन बघणं आणि औषध हे तुझं. ते मावशींवर किंवा नातेवाइकांवर टाकायचं नाही.

आणि जे राहिलं ते राहिलं म्हणून लिही. ‘2 वा. घेतले नाही, एकटी ड्यूटीवर.’ पहिल्यांदा हे लिहिताना हात थरथरेल. इनचार्ज ओरडतील. सकाळी ओव्हर देताना तोंडानेही सांग, खाट 7 आणि 12 चं दोनचं घेतलेलं नाही, आधी त्यांच्याकडे बघ. सकाळच्या सिस्टरला तेवढं पुरतं. महिनाभर असं लिहीत राहिलीस तर त्या कागदांवर प्रत्येक रात्री किती कामं राहतात ते मोजता येईल, आणि माणसं मागायला मेट्रनच्या हातात काहीतरी येईल. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका असं आहे. ते मागताना पूर्ण भरलेले चार्ट पुढे ठेवले तर कुणीही म्हणेल, दोघींत होतंय की सगळं.

लायकीचं विचारलंस. सकाळच्या सिस्टरने 34 मोजलं तेव्हा तू तिला ‘मशीन चुकलं असेल’ असं म्हणाली नाहीस. पत्रात तू लिहिलंयस की तू स्वतः धावत जाऊन डॉक्टरना उठवलंस. सोडायचं असेल तर सोड, पण या कारणासाठी नको, आणि झोप न झालेल्या आठवड्यात तर हा निर्णय घेऊच नको. दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल तर डॉक्टरला दाखव. रात्री उठून चार वाजलेत का बघतेस असं तू लिहिलंयस, ते मला बरं वाटलं नाही.

मेट्रनकडे जाशील तेव्हा कागदाच्या दोन प्रती ने, एकीवर पोच घे. जाऊन आलीस की मला लिही, काय म्हणाल्या ते. नाव नाही घातलंस तरी चालेल, अक्षर आता मला माहीत आहे.